स्वीडनच्या बर्फावरचा कल्ला

१५ फेब्रुवारी २०१४ रोजी, सोची येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगमधील रिले शर्यतीचा चौथा आणि शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हा स्वीडनची शार्लट कल्ला पहिल्या क्रमांकावरील स्पर्धकापेक्षा २५.७ सेकंद मागे होती. पुढे फिनलंड आणि जर्मनी असे दोन संघ होते आणि उरलेले अंतर होते पाच किलोमीटर, म्हणजे जेमतेम बारा-तेरा मिनिटांचे काम. या वेगात पंचवीस सेकंद म्हणजे बर्फावरचे दीडशे मीटरहून अधिक अंतर होते, आणि वळणावळणाच्या, झाडीतून जाणाऱ्या मार्गावर एवढ्या पुढे गेलेला प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा नजरेलाही पडत नाही. कल्लाने तो पाठलाग हळूहळू, चढ-उतार मोजत पुरा केला, मैदानात शिरेपर्यंत दोघींना गाठले आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघींनाही मागे टाकले. स्वीडन पहिला, फिनलंड अर्ध्या सेकंदाने दुसरा आणि जर्मनी त्याच्या किंचित मागे तिसरा आला. ज्यांनी ती शर्यत घरच्या दिवाणखान्यात बसून पाहिली, त्या स्वीडिश माणसांना आजही त्या क्षणी आपण कुठे होतो हे विचारले तर बहुधा सांगता येईल.

आकडेवारी पाहिली, तर कल्ला या खेळातील सर्वांत यशस्वी महिला ठरत नाही. तिच्या नावावर तीन सुवर्ण आणि सहा रौप्य अशी नऊ ऑलिम्पिक पदके आहेत. तिच्याच काळातील नॉर्वेच्या मारित ब्यॉर्गेनची पदके पंधरा आहेत आणि त्यांपैकी आठ सुवर्ण आहेत. संपूर्ण हिवाळाभर चालणाऱ्या विश्वचषक मालिकेत, जिथे प्रत्येक शर्यतीचे गुण जमा होऊन हंगामाच्या शेवटी एकूण विजेती ठरते, तिथे कल्लाला एकदाही ते विजेतेपद मिळाले नाही. असे असूनही सुमारे दीड दशक स्वीडनमध्ये तिच्याइतके प्रेम क्वचितच एखाद्या खेळाडूच्या वाट्याला आले. ते का, हे समजून घ्यायचे असेल तर पदकांची यादी अपुरी पडते. या खेळाचे नियम, तो दूरचित्रवाणीवर कसा दिसतो आणि ती कोणत्या गावातून आली, या तीन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. (तिचे आडनाव वाचून मराठी वाचकाला हसू येणे साहजिक आहे. स्वीडिशमध्ये मात्र तो शब्द ‘थंड’ या विशेषणाचे एक रूप आहे आणि ‘बोलावणे’ असे क्रियापदही आहे, त्यामुळे तिथल्या वृत्तपत्रांना मथळ्यांतील कोट्यांची ददात कधी पडली नाही.)

आधी खेळ समजून घेऊ. डोंगरावरून सुसाट खाली येण्याचा जो स्कीइंगचा प्रकार चित्रपटांतून आपल्या परिचयाचा आहे, तो हा नव्हे. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये सपाटी, चढ आणि उतार असा मिश्र मार्ग स्वतःच्या ताकदीवर कापायचा असतो. पायात लांब, अरुंद, हलक्या स्की असतात; बुटाची केवळ पुढची बाजू स्कीला जोडलेली असते आणि टाच मोकळी असते, म्हणून चालताना उचलतो तशी ती उचलता येते. दोन्ही हातांत काठ्या असतात आणि शरीर पुढे ढकलण्यात हातांचा वाटा पायांइतकाच मोठा असतो. दंड, पाठ, पोट, मांड्या असे सगळे एकाच वेळी कामाला लागत असल्याने हृदय आणि फुफ्फुसे यांच्यावर या खेळात जितका ताण येतो, तितका फार थोड्या खेळांत येत असेल. शर्यत संपताच स्पर्धक रेषेपलीकडे बर्फावर आडवे पडतात, तो अभिनय नसतो.

त्यात पुन्हा दोन पद्धती आहेत. ‘क्लासिक’ पद्धतीत बर्फात आधीच कोरलेल्या दोन समांतर खोबणींतून स्की पुढे-मागे सरकवत जायचे असते. इथे एक विरोधाभास आहे: स्की पुढे घसरली पाहिजे, पण मागे लाथ मारताना ती बर्फाला चिकटली पाहिजे, नाहीतर चढावर पाय जागच्या जागी सटकत राहतात. म्हणून स्की मध्यभागी किंचित वर वाकलेली बनवतात आणि त्या भागाला चिकट मेण लावतात. अंगाचे पूर्ण वजन एका पायावर आले की तो भाग बर्फाला टेकतो आणि पकड देतो. दुसऱ्या ‘फ्रीस्टाइल’ पद्धतीत बर्फावर स्केटिंग करावे तसे स्की इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात तिरक्या टाकत, कडेने रेटा देत पुढे जातात. ही पद्धत अधिक वेगवान आहे. १९८०च्या दशकात ती इतकी फोफावली की जुनी पद्धत नामशेष होण्याची भीती निर्माण झाली, आणि त्या दशकाच्या मध्यात दोन्ही पद्धतींच्या शर्यती वेगळ्या करण्यात आल्या. कल्ला दोन्हींत पारंगत होती, पण तिचे खरे घर फ्रीस्टाइल. तिची बहुतेक मोठी यशे याच पद्धतीत आहेत.

आता दूरचित्रवाणीचा मुद्दा. या खेळाची सर्वांत जुनी शर्यत घड्याळाशी असते. स्पर्धक तीस-तीस सेकंदांच्या अंतराने एकेक करून सुटतात आणि ज्याची वेळ सर्वांत कमी, तो विजेता. भारताचा जगदीश सिंग २०१८ साली प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ज्या पंधरा किलोमीटर शर्यतीत उतरला होता, ती याच प्रकारची. ही क्षमतेची सर्वांत प्रामाणिक परीक्षा मानली जाते, कारण कोणाच्या पाठीमागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेण्याची सोय तिथे फारशी नसते. मात्र प्रेक्षकासाठी ती कंटाळवाणी ठरू शकते: पडद्यावर एकटाच माणूस दिसतो, कोपऱ्यात आकडे बदलत राहतात, आणि जो रेषा आधी ओलांडतो तो जिंकतोच असे नाही. म्हणून गेल्या काही दशकांत सर्वांनी एकदम सुटण्याच्या शर्यती वाढल्या, आधी क्लासिक आणि मध्येच स्की बदलून फ्रीस्टाइल असा ‘स्कीअॅथलॉन’ आला, आणि २००६-०७ च्या हंगामात नॉर्वेचा माजी विजेता वेगार्ड उलवांग आणि स्वित्झर्लंडचे युर्ग कापोल यांच्या कल्पनेतून ‘टूर दे स्की’ सुरू झाली.

नावावरून लक्षात येईल की ही कल्पना सायकलच्या प्रसिद्ध फ्रेंच शर्यतीवरून घेतलेली आहे. नाताळानंतरच्या काही दिवसांत अनेक शर्यती होतात, सर्वांच्या वेळा बेरजेत जातात आणि शेवटचा टप्पा इटलीतील व्हाल दी फिएमे येथे, चक्क उतारावरून घसरण्यासाठी बनवलेल्या आल्पे चेर्मिस या डोंगरावर, उलट्या दिशेने म्हणजे खालून वर चढत जाण्याचा असतो. अखेरच्या साडेतीन-एक किलोमीटरांत चारशे मीटरहून अधिक चढण आहे आणि काही ठिकाणी ती २८ टक्क्यांपर्यंत जाते. त्यावरची खरी खुबी अशी की सुरुवातीची अनेक वर्षे या टप्प्यात स्पर्धक तोवरच्या एकूण वेळेतील फरकाइतक्या अंतराने सुटत. त्यामुळे डोंगराच्या माथ्यावर जो आधी पोहोचे तोच संपूर्ण मालिकेचा विजेता ठरे. गणित जाणणाऱ्याला आणि न जाणणाऱ्याला एकच चित्र दिसे.

जानेवारी २००८ मध्ये, या स्पर्धेच्या दुसऱ्याच वर्षी, वीस वर्षांची कल्ला त्या डोंगराच्या पायथ्याशी दुसऱ्या क्रमांकावर होती. पुढे होती फिनलंडची विर्पी कुइतुनेन, आदल्या वर्षीची विजेती. चढ सुरू झाला आणि अंतर आटू लागले. दमलेल्या माणसाच्या हालचालीत जो जडपणा येतो, तो कुइतुनेनच्या पायांत कॅमेऱ्याला स्पष्ट दिसत होता, आणि मागून येणाऱ्या मुलीच्या पायांत तो नव्हता. ती शेजारून पुढे निघून गेली. त्या वेळी स्वीडिश समालोचकाच्या तोंडून थेट प्रक्षेपणात आदरमिश्रित शिवी निघून गेली आणि ती तिथे अजूनही कौतुकाने सांगितली जाते. माझ्या मते कल्लाच्या लोकप्रियतेचे बीज इथे आहे. दूरचित्रवाणीला समजेल असा खेळाचा नवा साचा नुकताच तयार झाला होता आणि त्या साच्यात चपखल बसणारी, मागून येऊन गाठणारी खेळाडू त्याच हिवाळ्यात स्वीडनला मिळाली.

ती कुठून आली, हेही या प्रेमाशी जोडलेले आहे. कल्लाचा जन्म २२ जुलै १९८७ चा आणि तिचे गाव तारेन्दो. हे गाव स्वीडनच्या अगदी उत्तरेस, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, पायाला नगरपालिकेच्या हद्दीत येते. (गावाच्या नावाचीच एक नदी तिथून वाहते आणि तिची वागणूक विलक्षण आहे: तोर्ने नदीचे निम्म्याहून अधिक पाणी ती फोडून शेजारच्या कालिक्स नदीत नेऊन सोडते. जगात नद्यांचे असे फाटे अगदी मोजके आहेत.) हा भाग तोर्ने खोऱ्याचा, फिनलंडला लागून असलेला. तेथील जुन्या लोकांची भाषा ‘मेअॅनकिएली’ ही फिनिशच्या कुळातील आहे. एकेकाळी तेथील शाळांत मुलांना ती बोलण्यास मज्जाव होता. २००० साली तिला स्वीडनच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषांपैकी एक म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. राजधानीपासून हजारभर किलोमीटर दूर असलेल्या, दुय्यम ठरवल्या गेलेल्या या प्रदेशातील मुलगी साऱ्या देशाची लाडकी व्हावी, याचे मोल तिथल्या माणसांना किती वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. पुढे ती येलिवारे येथील स्की-शिक्षण देणाऱ्या शाळेत शिकली, पिटिओच्या क्लबकडून खेळली, पण गावाचे नाव तिच्या नावाला चिकटून राहिले.

स्वीडनमध्ये या खेळाचे स्थान काय आहे, हेही थोडे पाहिले पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या शाळांना आठवडाभर ‘खेळाची सुट्टी’ असते. १९४० साली युद्धकाळात शाळा तापवण्याचे इंधन वाचवावे म्हणून ती सुरू झाली आणि मग मुलांना बर्फावर नेण्याची सुट्टी म्हणून कायम झाली. मार्चच्या पहिल्या रविवारी सेलेनहून मोरापर्यंत नव्वद किलोमीटरांची ‘वासालोपेत’ होते, १९२२ पासून होत आली आहे, आणि सामान्य कारकून, शिक्षक, निवृत्त माणसे तिच्यात हजारोंनी उतरतात. म्हणजे पडद्यावर जे चालले आहे, ते बघणाऱ्याने स्वतःच्या फुफ्फुसांनी अनुभवलेले असते. मात्र या परंपरेचा चेहरा दीर्घकाळ पुरुषी राहिला. १९२४ साली एका महिलेने वासालोपेत पूर्ण केल्यावर महिलांना तिच्यात बंदी झाली आणि ती उठायला १९८१ उजाडावे लागले. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या शर्यती १९२४ पासून, महिलांच्या १९५२ पासून. सिक्स्टन येर्नबेरी, गुंडे स्वान अशी पुरुषांची नावे घराघरांत होती. महिलांमध्ये मात्र १९६८ साली ग्रनोबलला दोन वैयक्तिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या, जन्माने फिनलंडच्या असलेल्या तोइनी गुस्ताफसोन यांच्यानंतर ऑलिम्पिकची वैयक्तिक सुवर्णाची पाटी कोरीच होती.

ती पाटी बेचाळीस वर्षांनी भरली. १५ फेब्रुवारी २०१०, व्हँकूव्हर ऑलिम्पिक, महिलांची दहा किलोमीटर फ्रीस्टाइल, एकेक सुटण्याची पद्धत. कल्लाने २५ मिनिटांहून थोड्याच कमी वेळेत शर्यत संपवली आणि एस्टोनियाच्या क्रिस्तिना श्मिगुन-व्हाहीला ६.६ सेकंदांनी मागे टाकले. ब्यॉर्गेन तिसरी आली. त्याच स्पर्धेत अॅना हागच्या जोडीने सांघिक स्प्रिंटचे, म्हणजे दोघींनी आळीपाळीने छोट्या फेऱ्या मारण्याच्या शर्यतीचे, रौप्यही मिळाले. पुढच्या वर्षी ओस्लो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत इदा इंगेमार्सदोतेरसह तिने त्याच प्रकाराचे सुवर्ण घेतले.

केवळ खेळाच्या दृष्टीने तिची सर्वोत्तम शर्यत कोणती, असे विचारले तर मी सोचीच्या रिलेचे नाव घेणार नाही. तो मान फालुनच्या शर्यतीचा. २०१५ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा स्वीडनमध्येच, दालार्ना प्रांतातील फालुन या गावी भरली होती आणि घरच्या मैदानावर जिंकण्याचा दबाव काय असतो ते क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या देशाला समजावून सांगण्याची गरज नाही. २४ फेब्रुवारीला दहा किलोमीटर फ्रीस्टाइल होती. त्या दिवशी ओला, जड बर्फ पडू लागला. ताजा ओला बर्फ स्कीखाली चिखलासारखा ओढ लावतो. त्यामुळे जे लवकर सुटले त्यांना तुलनेने बरा मार्ग मिळाला आणि जे उशिरा सुटले त्यांचे दर किलोमीटरला सेकंद गळत गेले. अमेरिकेच्या जेसी डिगिन्स आणि केटलिन ग्रेग या लवकर सुटलेल्या दोघी अनुक्रमे रौप्य आणि कांस्यपदकाच्या मानकरी झाल्या; नॉर्वेच्या बलाढ्य खेळाडू पदकाच्या आसपासही फिरकल्या नाहीत. मोठ्या नावांच्या गटात, म्हणजे उशिरा सुटणाऱ्यांत, कल्लाही होती. तिने ती शर्यत ४१ सेकंदांनी जिंकली. दहा किलोमीटरच्या शर्यतीत पाच-सात सेकंदांचा फरकही स्पष्ट मानला जातो. चाळीस सेकंद, आणि तेही वाईट मार्गावर, ही गोष्ट दुसऱ्याच इयत्तेची होती. त्याच स्पर्धेत तिला रिलेचे रौप्य आणि दोन कांस्यपदकेही मिळाली.

तरीही लोकांच्या स्मरणात पहिली येते ती सोचीची रिले, आणि यात लोकांचे चुकते असे मला वाटत नाही. त्या काळी महिलांच्या रिलेमध्ये चार जणी प्रत्येकी पाच किलोमीटर जात. पहिल्या दोघी क्लासिक, नंतरच्या दोघी फ्रीस्टाइल. इंगेमार्सदोतेर, एमा विकेन आणि हाग यांनी स्वीडनला पदकाच्या टप्प्यात ठेवले होते. नॉर्वेचा संघ, ज्याला हरवणे जवळपास अशक्य समजले जात होते, त्या दिवशी पाचव्या स्थानावर फेकला गेला. सोचीची हवा उबदार होती, बर्फ मऊ आणि पाणीदार झाला होता, आणि अशा वेळी स्कीला कोणते मेण कसे लावले यावर शर्यत फिरते. प्रत्येक संघाबरोबर मेण लावणारे तंत्रज्ञ असतात, ते पहाटेपासून बर्फाचे तापमान आणि ओल मोजून डझनावारी स्की घासून तपासतात आणि त्यांचा अंदाज चुकला तर जगातील सर्वोत्तम पायही वाळूवर चालल्यासारखे थकतात. नॉर्वेचे गणित त्या दिवशी चुकले अशी पुढे बरीच चर्चा झाली. स्वीडनच्या स्की मात्र पळत होत्या. स्वीडिश महिलांनी रिलेचे ऑलिम्पिक सुवर्ण त्यापूर्वी १९६० साली स्क्वॉ व्हॅली येथे जिंकले होते, म्हणजे बहुतेक प्रेक्षकांच्या जन्माआधी. असे सगळे जुळून आले तरी शेवटचे दीडशे मीटर कोणीतरी भरून काढावेच लागतात, आणि ते कसे भरले गेले हे प्रेक्षकाने अखंड, एकही आकडा न वाचता, डोळ्यांनी पाहिले. वैयक्तिक रौप्यपदके त्याच ऑलिम्पिकमध्ये तिने आणखी दोन मिळवली होती; ती आज शोधून आठवावी लागतात.

१० फेब्रुवारी २०१८ रोजी प्योंगचांग ऑलिम्पिकमधील सर्व खेळांतील पहिलेच सुवर्णपदक दिले गेले ते महिलांच्या स्कीअॅथलॉनसाठी, आणि ते कल्लाला मिळाले. शेवटच्या भागात तिने एकटीनेच वेग वाढवला आणि ब्यॉर्गेनला ७.८ सेकंद मागे ठेवले. योगायोग असा की त्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदकानेच ब्यॉर्गेन हिवाळी ऑलिम्पिकमधील सर्वाधिक पदके मिळवणारी महिला ठरली; म्हणजे एकाच मंचावर एकीने इतिहास केला आणि दुसरीने शर्यत जिंकली. कल्लाने त्या स्पर्धेत आणखी तीन रौप्यपदके घेतली आणि एकूण नऊ पदकांसह येर्नबेरींच्या संख्येची बरोबरी केली. नऊ पदकांत एकही कांस्य नाही, ही बाब मला स्वभावदर्शक वाटते, जरी संख्याशास्त्राचा जाणकार माझ्या या म्हणण्यावर हसेल.

त्यानंतरचा काळ उताराचा होता आणि तो तिने लपवला नाही. २०१९ मध्ये सीफेल्ड येथे स्वीडिश महिलांनी जागतिक अजिंक्यपदाचे रिले-सुवर्ण जिंकले तेव्हा एबा अँडरसन आणि फ्रिदा कार्लसोन या तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुली संघात होत्या. शेवटचा टप्पा स्टिना निल्सोनने घेतला आणि कल्ला तिसऱ्या टप्प्यावर होती. ज्या मुलींनी तिला आल्पे चेर्मिसच्या चढावर पाहिले तेव्हा त्या प्राथमिक शाळेत होत्या, त्याच आता तिच्या जागा घेत होत्या. २०२२ च्या वसंतात तिने निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी, पुढच्या हंगामापासून महिला आणि पुरुष यांच्या शर्यतींची अंतरे समान असतील, असा निर्णय आंतरराष्ट्रीय महासंघाने घेतला. दहा किलोमीटरच्या ज्या शर्यतीने तिला नाव दिले, ती आता पुरुषही दहाच किलोमीटर धावतात. निवृत्तीपूर्वीच्या तिच्या शेवटच्या ऑलिम्पिकमध्ये, बीजिंगला, रिलेच्या चार जणींत तिची निवड झाली नाही. स्वीडनचा शेवटचा टप्पा योना सुंडलिंगने सांभाळला आणि संघाला कांस्यपदक मिळाले.